वयस्करांना ‘तेल बंद’ सांगण्याआधी

रक्ततपासणीच्या कागदावर एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा, आकडा ठळक छापून आला की घरातल्या सत्तरी उलटलेल्या माणसाला पहिला हुकूम सुटतो: तेल बंद. दवाखान्यातही वेळ अपुरा, त्यामुळे ‘तेल-तूप कमी करा’ एवढ्यावर बोळवण होते. सल्ला द्यायला सोपा आणि ऐकायलाही. पण साठी-सत्तरीनंतरच्या माणसासाठी तो बहुतेक वेळा अर्धवट असतो आणि कधी कधी सरळ अपाय करतो. कोणते तेल कशाच्या जागी आणायचे, ते किती ग्रॅम वापरायचे आणि ज्याला सांगतो आहोत त्याचे वजन वाढते आहे की घटते आहे, हे न विचारता दिलेला तेलाचा सल्ला वृद्धांच्या बाबतीत सल्ला म्हणून धरूच नये, असे आमचे मत आहे.

सुरुवात बाटलीपासूनच करू. वनस्पतिज तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतेच. ते प्राण्यांच्या शरीरात तयार होते, तेलबियांत नाही. तरीही ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हा शब्द बाटलीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत मिरवतो. खोबरेल तेलावरही तो खरेपणाने छापता येतो, आणि खोबरेल तेल एलडीएल वाढवते. दावा खरा, ग्राहकाला उपयोग शून्य.

रक्तातले एलडीएल किती राहते हे बरेचसे यकृतावर ठरते. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे ग्राही असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. आहारात संपृक्त मेद, म्हणजे वेष्टनावर ज्याला सॅच्युरेटेड फॅट लिहितात ते, वाढले की या ग्राहींचे काम मंदावते आणि एलडीएल रक्तात रेंगाळते. त्याच्या जागी बहुअसंपृक्त मेद, म्हणजे वेष्टनावरचे पॉलीअनसॅच्युरेटेड फॅट, आले की काम पुन्हा वेग घेते. वयाबरोबर ही उचल मुळातच सुस्तावते. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचा आधार सुटतो आणि थोड्याच वर्षांत एलडीएल चढते. त्यामुळे खाणे तसूभरही न बदलता पासष्टीतला आकडा पंचेचाळिशीतल्यापेक्षा मोठा येऊ शकतो, आणि घरचे मात्र ‘तोंडावर ताबा नाही’ म्हणून त्या माणसालाच बोल लावतात.

आता आकडे, कारण या विषयात ग्रॅमशिवाय बोलणे म्हणजे नुसती हवा. खोबरेल तेलात संपृक्त मेद ८० टक्क्यांच्या वर असतात, तुपात साठच्या आसपास, लोण्यात पन्नासच्या आसपास आणि पाम तेलात जवळजवळ निम्मे. सरकीच्या तेलात सुमारे २६ टक्के, तांदळाच्या कोंड्याच्या तेलात सुमारे २०, शेंगदाण्याच्या तेलात १७ ते २०, सोयाबीन, तीळ आणि ऑलिव्हमध्ये १४-१५, सूर्यफुलात १०-११, करडई आणि कॅनोलात ६ ते ९. मोजमापाचा मोठा चमचा, म्हणजे टेबलस्पून, १५ मिलिलिटरचा. त्यात साडेतेरा ग्रॅम तेल आणि सुमारे १२० कॅलरी. लहान चमचा ५ मिलिलिटरचा, साडेचार ग्रॅमचा, ४० कॅलरींचा.

दिवसाला १,६०० कॅलरी लागणारी एक वयस्कर बाई धरू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार संपृक्त मेदांतून येणारी ऊर्जा १० टक्क्यांच्या आत हवी. म्हणजे १६० कॅलरी, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम. दिवसभराच्या स्वयंपाकात तिच्या वाट्याला दोन मोठे चमचे खोबरेल तेल आले तर २२ ग्रॅमच्या पुढे गेलो. दूध, मांस, बिस्किटे अजून मोजायचीच आहेत. तेवढेच सूर्यफुलाचे तेल वापरले तर ३ ग्रॅम. दोन्ही बाटल्यांत कॅलरी सारख्याच, आणि ‘तेल कमी करा’ हे वाक्य दोन्ही तेलांना एकाच मापाने मोजते.

आहारातल्या ऊर्जेपैकी १ टक्का संपृक्त मेदांकडून काढून बहुअसंपृक्त मेदांना दिली तर एलडीएल सरासरी २ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने उतरते, असे अनेक नियंत्रित प्रयोगांच्या एकत्रित हिशेबातून दिसते. ५ टक्के हलवली तर १० मिलिग्रॅमच्या आसपास. खोबरेल तेलाचे पक्षधर एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, वाढल्याचे सांगतात, आणि ते वाढते हे खरे आहे. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या १६ प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात इतर वनस्पतिज तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅमने वाढवले आणि एचडीएल ४ मिलिग्रॅमने. औषधे देऊन एचडीएल वाढवण्याच्या बहुतेक मोठ्या प्रयोगांनी हृदयविकार काही घटवले नाहीत, त्यामुळे त्या चारच्या भरवशावर हे दहा माफ करता येत नाहीत.

खरा घोटाळा होतो तो काढलेल्या तेलाच्या जागी काय आले, इथे. संपृक्त मेद काढून त्या जागी मैदा, साखर, पांढरे पिष्ट भरले तर एलडीएल थोडे उतरते खरे, पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढतात, एचडीएल पडते आणि हृदयाला फायदा दिसत नाही. वृद्धांच्या ताटात नेमके हेच घडते. दात गेलेले, कवळी नीट बसत नाही, भूक मंदावलेली, चव बोथट झालेली. जेवण कोरडे आणि बेचव केले की माणूस जेवणावरून उठतो आणि दोन तासांनी चहात बुडवायला मऊ बिस्किटे घेतो. बिस्किटांत मैदा आहे, साखर आहे आणि बहुतेक वेळा पाम तेलही आहे. बाटलीतून हाकललेले तेल पुड्यातून परत येते, तेही जास्त संपृक्त होऊन. तेल बंदही झाले आणि आकडाही हलला नाही, या तक्रारीमागे अनेकदा एवढेच असते.

दुसरी बाजू अधिक गंभीर. रोजचे ३० ग्रॅम तेल काढले की २७० कॅलरी गेल्या. १,६०० मधला सहावा हिस्सा. चाळिशीतला माणूस दुसरे काहीतरी खाऊन ती भरून काढतो. पंचाहत्तरीतला काढत नाही. सहा महिन्यांत चार-पाच किलो उतरले की घरचे कौतुक करतात, पण त्या वजनात चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात. या वयात गेलेला स्नायू परत मिळवणे फार कठीण, आणि तो गेला की तोल जातो, पडणे येते, मांडीचे हाड मोडते. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषायला मेद लागतात. ज्याचे वजन न ठरवता गेल्या सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त उतरले आहे, त्याला तेल कमी करायला सांगणे चूक आहे. त्याच्या बाबतीत आधी वजन का उतरते आहे ते शोधायला हवे.

यावर एक रास्त प्रश्न येतो: वृद्धांमध्ये तेल बदलून काही होते, याला पुरावा काय? पुरावा आहे, पण तो सरळ रेघेत नाही. लॉस एंजेलिसमधल्या माजी सैनिकांच्या निवासात ८४६ पुरुषांवर एक प्रयोग झाला, सरासरी वय साडेपासष्ट. निम्म्यांच्या जेवणातले प्राणिज मेद बरेचसे काढून मका, सोयाबीन, करडई आणि सरकीची तेले दिली. आठेक वर्षांनी, १९६९ मध्ये, निकाल आला: कोलेस्टेरॉल उतरले, हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे झटके कमी झाले; एकूण मृत्यू मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. फायदा त्यातल्या त्यात तरुण अर्ध्या गटात जास्त दिसला.

त्याच्या उलट बाजूला मिनेसोटाचा प्रयोग. १९६८ ते १९७३, मनोरुग्णालये आणि एका शुश्रूषागृहातले नऊ हजारांवर लोक, मक्याचे तेल. त्याचा जुना तपशील धुंडाळून २०१६ मध्ये फेरविश्लेषण छापले गेले. कोलेस्टेरॉल १४ टक्क्यांच्या आसपास उतरले, पण मृत्यू घटले नाहीत, आणि ज्यांचे कोलेस्टेरॉल जास्त उतरले त्यांच्यात, विशेषतः पासष्टीच्या वरच्यांत, मृत्यू जास्त दिसले. ‘तेलांचे सगळे थोतांड आहे’ म्हणणाऱ्यांचा हा आवडता दाखला. तो दडपू नये, पण पूर्ण वाचावा. लोक संस्थेत येत-जात होते आणि बहुतेकांना तो आहार वर्षभरही मिळाला नाही. वापरलेल्या मार्गारिनमध्ये, म्हणजे तेलापासून केलेल्या कृत्रिम लोण्यात, ट्रान्स मेद (तेल घट्ट करताना तयार होणारे घातक मेद) असण्याची दाट शक्यता आहे. आणि कोलेस्टेरॉल जास्त उतरलेला म्हातारा माणूस तेलामुळेच मेला, की आधीच खंगत चालला होता म्हणून त्याचे कोलेस्टेरॉल उतरले, हे त्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही.

ही शेवटची गोष्ट वृद्धांच्या बाबतीत सगळीकडे आडवी येते. कर्करोग, यकृताचे आजार, दीर्घ संसर्ग, कुपोषण या सगळ्यांत कोलेस्टेरॉल आपोआप पडते. म्हणून ऐंशीच्या वरच्या लोकांच्या पाहणीत कमी कोलेस्टेरॉलवाले लवकर जाताना दिसतात. त्यावरून ‘म्हातारपणी कोलेस्टेरॉल वाढलेलेच बरे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे ताप उतरला म्हणून रोगी दगावला म्हणण्यासारखे. पण यात एक व्यवहार्य सूचना दडली आहे: औषध नाही, आहारात बदल नाही, आणि तरी पंच्याऐंशीच्या माणसाचे कोलेस्टेरॉल वर्षभरात धाडकन उतरले तर पेढे वाटू नका, डॉक्टरांना दाखवा.

सगळे प्रयोग एकत्र मांडले तर? वैद्यकीय प्रयोगांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात १५ प्रयोग आहेत. किमान दोन वर्षे संपृक्त मेद कमी ठेवल्यावर हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार सुमारे १७ टक्क्यांनी घटले. एकूण मृत्यूंत फरक नगण्य. स्पेनमधल्या प्रेडिमेड प्रयोगात ५५ ते ८० वयाच्या ७,४४७ लोकांपैकी ज्यांना एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा दिला त्यांच्यात मोठे झटके सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. गटवाटपातल्या चुकांमुळे तो शोधनिबंध मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला, तरी निष्कर्ष टिकला. आणि हे विसरू नये की तिथे लोकांना तेल कमी करायला सांगितलेच नव्हते. उलट कुटुंबाला आठवड्याला एक लिटर तेल फुकट मिळत होते. आमचा निवाडा असा: साठ ते पंचाहत्तर या टप्प्यात, अंगात ताकद असलेल्या माणसाने तेल बदलणे फायद्याचे आहे. ऐंशीनंतर, वजन उतरत असलेल्या माणसात, तेलावरून घरात भांडणे करण्याइतका पुरावा नाही.

‘कच्ची घाणी’चा आणि ‘ओमेगा’चा वाद इथे थोडक्यात उरकू. घाण्याचे असो की रिफाइंड, एकाच बियाण्याच्या तेलातली मेदाम्लांची घडण सारखीच राहते. एलडीएलवर परिणामही सारखाच. फरक आहे तो वास, चव आणि सूक्ष्म घटकांचा. ओमेगा-६ ने शरीरात दाह वाढतो ही भीती माणसांवरच्या प्रयोगांत खरी ठरलेली नाही, आणि ३० अभ्यासगटांच्या २०१९ च्या एकत्रित विश्लेषणात रक्तात लिनोलेइक आम्ल, म्हणजे तेलांतले मुख्य ओमेगा-६, जास्त असलेल्यांना हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार कमीच दिसले. पुरे.

स्वयंपाकघरात काय चुकते, ते मात्र सविस्तर पाहायला हवे. पहिली चूक मोजण्याची. बाटलीतून थेट ओतले की हात सढळ होतो, आणि ‘आम्ही दोन चमचेच घालतो’ मधला चमचा बहुधा डाव असतो. खात्रीचा उपाय म्हणजे बाटलीवर ती फोडल्याची तारीख लिहिणे. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९२० ग्रॅम. दोघांच्या घरात ते ३० दिवस पुरले तर माणशी रोज १५ ग्रॅम, २० दिवसांत संपले तर २३. तळून उरलेले फेकले असेल तर तेवढे वजा करा. बाहेरचे आणि पुड्यातले तेल या हिशेबात येत नाही, हे लक्षात असू द्या. पुष्कळ घरांत तिथेच जास्त तेल सापडते.

दुसरी चूक साठवणीची. करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही बहुअसंपृक्त तेले एलडीएलला चांगली, पण हवा, उजेड आणि उष्णता लागली की लवकर खवट होतात. शेगडीशेजारच्या फळीवर, पारदर्शक बाटलीत, पाच लिटरचा डबा चार महिने पुरवणे ही खवटपणाची हमी. आणि म्हातारपणी वासाची जाण मंदावते. ज्याला ते तेल खायचे आहे त्यालाच खवट वास येत नाही. एकट्याने राहणाऱ्या वृद्धांनी अर्धा लिटरची बाटली घ्यावी, अंधाऱ्या गार कपाटात ठेवावी, झाकण घट्ट लावावे, दीड-दोन महिन्यांत संपवावी. भेटायला येणाऱ्या तरुण माणसाने एकदा बाटली हुंगावी. जुन्या रंगाचा, मेणाचा वास आला तर तेल टाकून द्यावे. अर्ध्या रिकाम्या बाटलीत नवे तेल ओतू नये, जुने तेल नव्यालाही बिघडवते.

तिसरी चूक तापवण्याची. तळण १७५ ते १८० अंश सेल्सियसला चालते. तेल धुरावले म्हणजे मर्यादा ओलांडली. एकदा तळलेल्या तेलात अन्नाचे कण जळत राहतात, ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडून बनणारे पदार्थ, साठतात, तेल काळपट आणि दाट होते, वर न मोडणारा फेस धरते. अनेक देशांत ही संयुगे २५ टक्क्यांच्या आसपास गेली की तेल वापरायला बंदी आहे, पण घरात ते मोजायची सोय नसते. गाळून ठेवलेले तळणाचे तेल एकदा परतायला वापरून संपवणे, एवढाच पाळता येण्याजोगा नियम. जवसाचे तेल तर तापवूच नये. त्यातला निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे एक ओमेगा-३ मेदाम्ल, आहे आणि ते उष्णतेत टिकत नाही.

आणि एक गोष्ट, जी तेलाच्या गप्पांत कोणी काढत नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी तेल परस्पर बदलू नये. के जीवनसत्त्व या औषधाचा परिणाम कमी करते; सोयाबीन आणि कॅनोला तेलांत ते बऱ्यापैकी असते, सूर्यफूल आणि करडईत अगदी थोडे. बदलायचे असेल तर डॉक्टरांना सांगून, आणि पुढच्या काही आठवड्यांत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी चाचणी, तपासून.

तेलाकडून अपेक्षा किती ठेवायची, हेही स्पष्ट सांगायला हवे. चांगली अदलाबदल एलडीएल ५ ते १० टक्क्यांनी उतरवते. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, ३० ते ५० टक्क्यांनी. एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने नवे तेल आणले म्हणून गोळी बंद करणे हा या क्षेत्रातला सगळ्यात महागडा गैरसमज आहे. फरक पाहायला सहा ते आठ आठवडे द्यावेत आणि त्याच प्रयोगशाळेत तपासावे. काही न बदलताही दोन तपासण्यांत ५-१० टक्क्यांचा फरक पडू शकतो, तेव्हा एका आकड्यावरून तेलाला पास-नापास करू नये. अचानक चढलेल्या एलडीएलमागे, विशेषतः वयस्कर बाईत, थायरॉइड मंदावलेले असू शकते. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, न तपासता वर्षभर तेलावर खापर फोडत बसणारी घरे कमी नाहीत.

हा सगळा हिशेब प्रत्येक म्हाताऱ्याने स्वतः करावा, अशी अपेक्षा अन्यायाची आहे. बारीक अक्षरे वाचता येत नाहीत, ‘प्रति १०० ग्रॅम’ मधून चमच्याचा आकडा काढणे तरुणांनाही जमत नाही. म्हणून नियम बदलायला हवेत. वनस्पतिज तेलावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ छापायला मनाई असावी. बाटलीच्या दर्शनी बाजूला, ब्रँडच्या नावाच्या निम्म्या उंचीत तरी, एका मोठ्या चमच्यातले संपृक्त मेद ग्रॅममध्ये लिहिलेले असावेत. काही देशांत प्रत्येक वाढपामागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स मेद असले तर ‘शून्य’ लिहायची मुभा आहे, ती काढावी.

ग्राहकाने शहाणे व्हावे, सरकारने कशाला लक्ष घालावे, असे म्हणणाऱ्यांनी ट्रान्स मेदांचा इतिहास पाहावा. त्यांनी एलडीएल वाढते आणि एचडीएलही पडते हे १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या प्रयोगाने दाखवले. पुढची बरीच वर्षे लोकांना ‘टाळा’ सांगण्यात गेली. डेन्मार्कने २००३ मध्ये तेला-मेदांतले औद्योगिक ट्रान्स मेद २ टक्क्यांवर रोखले आणि ते तिथल्या खाण्यातून जवळजवळ नाहीसे झाले, कोणालाही लेबल वाचायला न लावता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जगभरासाठी तीच वाट सुचवली.

संपृक्त मेदांवर तशी बंदी शक्य नाही आणि योग्यही नाही. पण जिथे जेवणारा तेल निवडतच नाही, तिथे तरी निवडणाऱ्याने जबाबदारी घ्यावी: वृद्धाश्रम, रुग्णालये, घरपोच डबे. तिथे तेल दरावर ठरते, आणि स्वस्त असले की पाम तेल येते. शंभर जणांच्या वृद्धाश्रमात माणशी रोज २५ ग्रॅम तेल धरले तर वर्षाला नऊशे किलोच्या वर खरेदी होते. खरेदीच्या अटींत ‘संपृक्त मेद १५ टक्क्यांपर्यंत’ एवढी एक ओळ घातली आणि पामच्या जागी सोयाबीन आले, तर प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे साडेआठ ग्रॅम संपृक्त मेद कमी जाईल, १८ ग्रॅमच्या मर्यादेतले जवळजवळ निम्मे. जेवणाची चव तीच, कॅलरी त्याच, आणि कोणाच्याही ताटातले तेल बंद करावे लागणार नाही.